दुसऱ्याच्या सासऱ्याला पाणी

नव्या जिल्ह्यातल्या त्या दुष्काळात मी साडेतीन महिने, दिवसाआड, सायकलला कॅन बांधून कब्रस्तानात जात होतो आणि माझ्या सासऱ्यांच्या कबरीवरच्या कडूलिंबाला पाणी घालत होतो. झाड झकास वाढलं. फक्त कबर सासऱ्यांची नव्हती.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकतो, कारण मी लपवली तरी घरातले ती दर सणाला काढतातच. त्या वेळी मी लातूरच्या सरकारी कचेरीत नकाशांचं कपाट सांभाळत होतो. गावं, शिवारं, बांध, नाले, पाणंद रस्ते, सगळं माझ्या ताब्यात. निलंग्याकडच्या कुठल्या गावात कुठला ओढा कुठं वळतो ते मी कपाट न उघडता सांगायचो. आणि दीड एकराच्या कब्रस्तानात मला स्वतःचा सासरा सापडला नाही.

मी मूळचा नांदेडचा. गोदावरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याची अक्कल नसते, असं माझ्या बायकोचं मत आहे. नदी रोज समोर दिसत असली की माणूस तांब्या भरून घेतो आणि अर्धा सांडतो. ती लातूरची. तिच्याकडं तांब्या भरायच्या आधी तो कुठं रिकामा करायचा ते ठरलेलं असतं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या उघडल्या, आणि बायकोचं माहेर तिथं म्हणून मी बदली मागून घेतली. त्या दिवसांत गावात सगळ्यात बिझी माणूस म्हणजे पाट्या रंगवणारा पेंटर. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या. जुन्या जिल्ह्याहून दप्तर ट्रकांनी येत होतं, खुर्च्या मागून येणार होत्या, तोवर आम्ही दप्तराच्याच गाठोड्यांवर बसून कारभार केला. मी 'काम करून राहिलो' म्हणालो की कचेरीतली लातूरची मंडळी हसायची. त्यांचं 'करायलाव, जायलाव' ऐकून मी हसायचो. एवढीच काय ती करमणूक.

सासरे आमची बदली झाल्यावर वर्षाच्या आत गेले. शाळेत शिपाई होते. बायको लहान असतानाच तिची आई वारली, आणि या माणसानं एकट्यानं तिला वाढवलं, वेण्या घातल्या, मास्तरीण होईतो शिकवलं. त्यांना मातीत ठेवलं त्या दिवशी मी नांदेडला होतो. बस चुकली, दुसऱ्या दिवशी पोचलो. त्यामुळे कबर नेमकी कुठं हे मी एकदाच, आठवड्यानं, बायकोच्या मागं मागं चालत जाऊन पाहिलं. तेव्हा माझं सगळं लक्ष तिच्याकडं होतं. तिनं स्वतःच्या हातानं खड्डा करून तिथं लिंबाचं वीतभर रोप लावलं.

हे रोप लावणं आमच्या मंडळीची रीत होती. आमच्याकडं चर्चच्या लोकांना मिळून 'मंडळी' म्हणतात. बहुतेक घरं कष्टाची: गवंडी, नर्सा, शिपाई, मास्तर, मोंढ्यातले म्हणजे धान्यबाजारातले हमाल. कबरीवर दगडाचा क्रूस, त्यावर नाव कोरून घेणं सगळ्यांना परवडायचं नाही. म्हणून कधीतरी जुन्या लोकांनी ठरवलं, ज्याला दगड परवडत नाही त्यानं झाड लावावं. मग ज्यांना दगड परवडत होता त्यांनाही लाज वाटायला लागली, आणि त्यांनीही झाडंच लावली. अशी साठ-सत्तर झाडं. कडूलिंब, करंज, एखादी चिंच, एक बोर. नाव एकावरही नाही. कुणाचं झाड कुठलं हे ज्याच्या त्याच्या घराला पाठ. नाव वाचून काम करायची सवय असलेल्या माझ्यासारख्या कारकुनाची तिथं पंचाईत होती, पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्या वर्षी पाऊस आला तसा गेला. हिवाळ्यात बायकोला सातवा महिना होता. कब्रस्तान दीड मैलावर, आणि तिला आता चालत जाणं शक्य नव्हतं. तिनं मला पत्ता सांगितला: फाटकातून आत गेलं की उजव्या हाताची तिसरी रांग, भिंतीकडून चौथं झाड. मी मान हलवली. मनात म्हटलं, आपल्याला काय सांगते ही, आपण नकाशेवाले.

तिनं सांगितलं ते जुनं फाटक, गावाकडचं. पण जिल्हा झाल्यावर कब्रस्तानाच्या मागच्या अंगानं नवा रुंद रस्ता गेला, आणि त्या रस्त्यावर दुसरं फाटक काढलं. माझ्या कचेरीहून ते जवळ. मी तिथून आत गेलो, उजव्या हाताला वळलो, तिसरी रांग धरली, भिंतीकडून चौथं झाड मोजलं. तिथंही लिंबच होता आणि तोही गुडघ्याएवढाच. नकाशा बरोबर होता, मी तो उलटा धरला होता.

पाण्याचे हाल सांगायला नकोत. टँकर यायचा तेव्हा गल्लीत सख्खे शेजारी एकमेकांना ओळखत नसत. चर्चच्या आवारात एक जुनी विहीर होती. तिच्या तळाला जे काही होतं ते मंडळीनं अख्ख्या गल्लीला खुलं केलं, घरटी दोन घागरी, आणि तू कोण, कुठल्या घरचा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मला त्या गोष्टीचा आजही अभिमान वाटतो. मात्र त्या विहिरीचं पाणी झाडाला घालणं म्हणजे पाप. झाडाला जायचं ते वापरून उरलेलं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, आंघोळीचं. बायको ते एका पातेल्यात साठवायची, आणि मी कॅन भरून न्यायचो.

मग मुलगी झाली, आणि कॅनमधल्या पाण्याला वेगळाच मान आला. बायकोला आई नाही, म्हणून मंडळीतली एक म्हातारी बाळाला न्हाऊ घालायला यायची. सगळे तिला आक्का म्हणायचे. गुडघ्यांनी बेजार, पण एकदा पाय पसरून बसली की हात तरण्या बाईचे. पायांवर बाळ, डाळीचं पीठ, साय, साबण बिलकूल नाही. पाणी खाली परातीत पडायचं. ते आक्का स्वतः माझ्या कॅनमध्ये ओतायची आणि पाण्याला बजावायची, जा रं पाण्या, हिच्या आज्याकडं जा.

संध्याकाळी मी परत आलो की बायको विचारायची, "कसं हाय झाड?"

"झकास. नवी पालवी आलीय."

मग ती पाळण्याकडं वळून मुलीला सांगायची की तुझ्या पाण्यावर तुझा आजा हिरवा झाला. मी पलीकडं बसून चहा प्यायचो आणि मला वाटायचं, काय नवरा मिळालाय हिला.

आता साक्षीचा रविवार. आमच्याकडं उपासनेत अधूनमधून साक्ष देतात. म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सर्वांसमोर सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाची हरवलेली शेळी सापडली. बायको बाळंतीण, घरीच होती. मी एकटा पुरुषांच्या बाजूला बसलो होतो. बायकांच्या बाजूनं आक्का उठली. गुडघ्यांवर हात ठेवून उठेपर्यंत बराच वेळ गेला.

ती म्हणाली, "माझ्या मालकाच्या झाडाला मी दिवाळीपासून पानी घातलं न्हाई. गुडघं चालत न्हाईत, अन् घरात पानी बी न्हाई. मला पोर न्हाई, बाळ न्हाई. परवा रिक्षात बसून गेले. म्हनलं वाळलेलं काटूक तर बघून यावं. तर झाड हिरवंगार. बुडाला वल हाय. कोन घालायलंय पानी? गावात तर माझं कुनीच न्हाई." आणि तिनं वर बोट केलं.

सगळ्या चर्चमधून आमेन झालं. त्यातलं सर्वांत मोठं आमेन माझं होतं. मला खरोखरच भरून आलं होतं. घरी जाऊन मी बायकोला ती साक्ष जशीच्या तशी सांगितली, आणि वर एवढंही म्हणालो की बघ, माणसाची श्रद्धा असावी तर अशी.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, आमची मंडळी तांबडं फुटायच्या आधी कब्रस्तानात जमते. मेणबत्त्या लावतात, गाणी म्हणतात, आणि सूर्य उगवताना पाळकसाहेब प्रार्थना करतात. बायकोचे चाळीस दिवस झाले होते. ती त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडली, मुलीला कुंचं घालून. बायका जुन्या फाटकातून आत गेल्या. मी सायकल लावायला नव्या फाटकाशी गेलो, आणि सवयीनं 'माझ्या' झाडापाशी जाऊन उभा राहिलो. सूर्य वर आला. मी पाहिलं तर माझ्या झाडाच्या बुडाशी आक्का बसली होती, आणि एकेक पान दोन बोटांत धरून बघत होती.

मी म्हणालो, "आक्का, इकडं कशा?"

ती म्हणाली, "मालकाला भेटायलेय."

मी मान वर केली. कब्रस्तानाच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात माझी बायको मुलीला घेऊन एका काटकुळीपुढं उभी होती. पान एक नाही. मला शोधत तिनं सगळीकडं नजर फिरवली, मी कुठं उभा आहे ते पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. तिच्यापर्यंत चालत जाताना जेवढा लांब वाटला तेवढा रस्ता मला नांदेड-लातूर प्रवासातही वाटला नाही.

मी पोचलो तेव्हा तिनं मुलीला माझ्या हातात दिलं, खाली बसली, आणि काटकुळीच्या बुडाशी नखानं साल खरवडली. वर सगळं तपकिरी. मग मातीला लागून खरवडली. तिथं हिरवट रेघ दिसली, केसाएवढी.

"जित्तं हाय," ती म्हणाली.

आता माझ्यापुढं दोन गोष्टी होत्या. बायकोच्या बापाचं झाड वाचवायचं तर कॅन तिकडं न्यायला पाहिजे. आणि कॅन तिकडं नेला तर आक्काचं झाड पंधरा दिवसांत वाळणार. त्या उन्हात एका कॅनवर एकच झाड जगतं. आणि वाळलं तर आक्का काय समजणार? देवानं हात काढून घेतला? मी चर्चमध्ये ज्या साक्षीला सर्वांत मोठ्यानं आमेन म्हणालो होतो ती साक्ष मीच खोटी पाडणार होतो.

मी पाळकसाहेबांकडं गेलो. वयानं माझ्याएवढेच, देगलूरकडचे, बोलता बोलता तेलुगू शब्द पेरणारे. त्यांनी सगळं गंभीरपणे ऐकून घेतलं, मग चष्मा काढून बराच वेळ पुसला, आणि मला दिसलं की ते हसू दाबायलेत. मी विचारलं, सांगू का नको? ते म्हणाले, साक्ष आक्कांची, आमेन तुमचं, यात मी कुठं येतो? पण सांगितल्याशिवाय तुम्हाला जेवण जाणार नाही, एवढं दिसतंय.

आक्काच्या खोलीत बसायला एकच पाट होता. तो तिनं मला दिला. मी नव्या फाटकापासून सुरुवात केली. तिसरी रांग, चौथं झाड, सगळं सांगितलं. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी बाळाला मी न्हाऊ घालायचे ते पानी?"

"तेच."

"माझ्याच हातानं भरलेलं?"

"हाव आक्का. माझी चूक झाली. देवानं नाही, मीच घातलं पाणी."

ती हसायला लागली. दात नसलेलं, पोटातून येणारं हसू. हसता हसता गुडघे दुखले म्हणून थांबली. "जावाईबापू," ती म्हणाली, "देव काय सोता घागर घिऊन यिल व्हय? एकांद्याला चुकवतंय, अन् काम करून घेतंय. तुमी बरे सापडलाव त्येला."

मग तिचं हसू गेलं. ती म्हणाली, पोरीच्या बापाचं पानी माझ्या मालकानं पिलं. ह्ये बराबर न्हाई. आता उद्यापासून कॅन तिकडं न्या. मी विचारलं, आणि तुमचं झाड? ती म्हणाली, त्येचं मी बगते. पण कशी बघणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

ते बायकांच्या बैठकीत ठरलं. आमच्या बायकांची एक जुनी रीत आहे. स्वैपाकाला पीठ घेताना, तांदूळ घेताना, एक मूठ बाजूला काढून गाडग्यात टाकायची, आणि रविवारी ते गाडगं चर्चमध्ये आणून रिकामं करायचं. ते धान्य मंडळीतल्या अडलेल्या घरी जातं. त्या वर्षी रेशनची ज्वारी, तीही मोजून. मूठ काढायची कुठून? गाडगी चुलीशेजारी रिकामी पडली होती. आक्का बैठकीत म्हणाली, मूठ न्हाई तर न्हाई. पानी टाका त्यात. धुतलेलं, न्हालेलं, चूळ भरलेलं, काय आसंल ते. रविवारी आना.

पुरुषांत ही गोष्ट आली तेव्हा एका वडीलधाऱ्या पंचांनी अडवलं. त्यांचंही चूक नव्हतं. ते म्हणाले, जित्या माणसाला प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मेलेल्यांना पाजायला निघालाव. लोक काय म्हणतील? तेव्हा माझी बायको मुलीला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. त्या घटनेनंतर आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, म्हणून तिचा आवाज ऐकून मीच आधी दचकलो.

"मामा, मेलेल्यांना कोन पाजायलंय?" ती म्हणाली. "मेलेले सुटले. झाडं जित्ती हायत. अन् प्यायचं पानी कोन मागतंय? तुमच्या घरचं भांडी खंगाळलेलं मोरीतून रस्त्यावर जातंय, ते द्या."

मामांनी पुढच्या रविवारी दोन कॅन आणले.

पाळकसाहेबांनी मला सगळ्या झाडांचा नकाशा काढायला सांगितला, कोणाचं झाड कुठं ते लिहून, म्हणजे घोटाळा नको. मी मोठ्या हौसेनं कचेरीसारखा कागद आखला, दोन्ही फाटकं तांबड्या शाईनं दाखवली. आक्कानं तो हातात घेतला, सरळ धरला की उलटा हे तिला कळायचं कारण नव्हतं, आणि घडी घालून मला परत दिला. तिनं नियम केला तो असा: आपल्या झाडाला आपण पाणी घालायचं नाही. जो कॅन घेऊन येईल त्यानं जे झाड जास्त सुकलेलं दिसेल त्याला घालायचं.

"नाव बगू नगा," ती म्हणाली, "पान बगा."

मग सुरू झालं. रविवारी सकाळी चर्चच्या भिंतीलगत, जिथं चपला काढतो तिथं, कॅन, रॉकेलचे धुतलेले डबे, किटल्या, कळशा, सलाइनच्या बाटल्या, अशी रांग लागायची. उपासना संपली की एका हातगाड्यावर पिंप, बाकीचं डोक्यावर, सायकलवर, आणि पुढं ढोलकी घेऊन तरुण मंडळी. आम्हाला गाण्याशिवाय चालताच येत नाही. जुन्या गावातून, नव्या रस्त्यानं, दीड मैल. घराघरांतून चिरलेले, गळके माठ आणले होते. त्यांच्या बुडाला भोक पाडून लुगड्याच्या चिंधीची वात बसवायची, माठ झाडाच्या बुडाशी मातीत पुरायचा, आणि त्यात पाणी ओतायचं. आठवडाभर थेंब थेंब झिरपायचं. नवं काही नाही, शेतकरी बायका वेलांना असंच करतात. आमच्या पंचांनी मात्र पहिले दोन माठ भोक न पाडताच पुरले. त्यामुळे चुकणारा मी एकटाच नाही हे सिद्ध झालं, आणि मला फार बरं वाटलं.

नव्या जिल्ह्यात त्या दिवसांत मोर्च्यांचा सुकाळ होता. रोज कुणीतरी रिकाम्या घागरी वाजवत कचेरीवर यायचं. आमचा घोळका पहिल्यांदा चौकात पोचला तेव्हा पोलिसानं शिट्टी वाजवून अडवलं आणि विचारलं, कुणाचा मोर्चा, परवानगी कुठाय? मग त्यानं घागरीत डोकावून पाहिलं. घागरी भरलेल्या! त्याच्या नोकरीत त्यानं भरलेल्या घागरींचा मोर्चा पहिल्यांदाच पाहिला असणार. त्यानं रस्ता मोकळा करून दिला, आणि मी सरकारी नोकर असल्यामुळे हातगाड्याच्या आड तोंड लपवून पुढं सरकलो.

ते लपवणं काही उपयोगाला आलं नाही. सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"तुम्ही मोर्च्यात होता म्हणे."

"साहेब, मोर्चा कब्रस्तानावर होता."

"मागण्या काय होत्या?"

मी म्हणालो, मागणी काहीच नव्हती, पाणी घातलं आणि परत आलो. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ठीक आहे, जा. त्यांच्या बंगल्यातून त्या शनिवारी एक डबा आला, वरून झाकण लावलेला, धुण्याचं शेवटचं पाणी. आमच्या बायकांनी वास घेऊन तपासला, साबण जास्त आहे म्हणून परत पाठवला, आणि पुढच्या वेळी बिनसाबणाचं द्या म्हणून निरोप दिला. साहेबांच्या घरचं पाणी परत पाठवणारी मंडळी आमचीच. मी कचेरीत दोन दिवस खाली मान घालून बसलो, पण आतून छाती फुगली होती. साहेबांनी पुढच्या शनिवारी खरंच बिनसाबणाचं पाठवलं.

पलीकडच्या वस्तीतले बौद्ध लोक हे सगळं येता-जाता बघत होते. एके दिवशी तिथले दोघे तिघे येऊन वातीचा माठ नीट बघून गेले, आणि त्यांच्या विहाराच्या पिंपळापाशी तसाच पुरला. त्यांनी आम्हाला एक सुधारणाही शिकवली: माठाच्या तोंडावर फरशीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे उन्हानं पाणी उडत नाही. आमच्या डोक्यात ते आलं नव्हतं. तेवढ्या एका फरशीनं आमचं किती पाणी वाचलं असेल, कोण जाणे.

आज ते कब्रस्तान गावाच्या मधोमध आलंय. लातूर चारी अंगांनी वाढलं, नव्या रस्त्याला आता कुणी नवा म्हणत नाही. दुपारी भिंतीच्या बाहेर रिक्षावाले आमच्या लिंबांच्या सावलीत रिक्षा लावून झोपतात. दर वर्षी, पाऊस बरा झाला तरीसुद्धा, होळी झाली की माठ पुरायचे आणि रविवारी चपलांशेजारी कॅन लावायचे, हे सुटलेलं नाही. नवीन सुना येतात, त्यांना पहिल्या रविवारी वाटतं की चर्चमध्ये पाणी विकायला ठेवलंय. मग कुणीतरी त्यांना समजावून सांगतं. माझं नाव न घेता सांगा, असं मी सगळ्यांना बजावलंय. कुणी ऐकत नाही.

पण मी पुढं पळालो. त्या उन्हाळ्यात काय झालं ते राहिलंच.

सगळी झाडं वाचली नाहीत. एक करंज गेला, बोर गेली, आणखी दोन-तीन लिंब गेले. सासऱ्यांच्या झाडाची बातमी मी घरी नेत नव्हतो. बायकोही विचारत नव्हती. रविवारी ती कॅन घेऊन यायची, आणि नियमाप्रमाणे दुसऱ्याच झाडाला घालायची. बापाच्या काटकुळीकडं ती नुसतं बघून पुढं जायची. तिथं थांबायचीसुद्धा नाही. तो नियम पाळणं तिला किती जड गेलं असेल हे मला दिसत होतं. एका रविवारी मात्र मी पाहिलं, आक्का दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून, एकेक पाऊल टाकत, त्या काटकुळीपर्यंत गेली. तिच्याकडं छोटी किटली होती. तिचं स्वतःचं झाड पलीकडच्या कोपऱ्यात होतं, त्याचीही पानं आता मलूल व्हायला लागली होती. तिनं मान वळवून तिकडं पाहिलंही नाही. किटली इथल्या माठात पालथी केली.

पुढं मृग लागला, पेरण्या झाल्या, आणि पाळकसाहेबांनी कब्रस्तानातच उपकारस्तुतीची उपासना ठेवली. सासऱ्यांच्या झाडाची वरची काटकुळी मोडून पडली होती. पण मातीला लागून दोन कोंब आले होते, तांबूस, बोटाएवढे. बायकोनं ते बघितले, पदरानं नाक पुसलं, आणि मुलीची पावलं खाली मातीला टेकवली.

पाळकसाहेबांनी सगळ्यांचे आभार मानले. मला वाटलं, आता माझंही नाव येणार, आणि मी शर्टाचं वरचं बटण लावलं. नाव आलं नाही. ते म्हणाले, कुणाला साक्ष द्यायचीय का? आक्का उठली. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या, कारण तोवर गोष्ट सगळ्या घरांत पोचली होती, आणि ती आता काय बोलणार हे सगळ्यांना ऐकायचं होतं.

"मागं मी साक्ष दिल्ती," ती म्हणाली. "ती खोटी न्हवती. अर्धी व्हती. मी म्हनले, गावात माझं कुनीच न्हाई. ती बाकीची अर्धी आज सांगायले." आणि तिनं वर बोट केलं नाही. तिनं हात सगळ्यांवरून फिरवला, पिंपाच्या हातगाड्यापासून मामांपर्यंत, माझ्या बायकोपर्यंत, आणि शेवटी माझ्यापर्यंत. मग खाली बसली.

या वेळी मी आमेन हळूच म्हणालो.

परतताना बायको आणि मी मागं राहिलो. मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. रस्ता ओला होता, चपला चिकटत होत्या. मी धीर करून विचारलं, तू अजून रागावलेली आहेस का?

तिनं माझ्या खांद्यावरच्या मुलीचं डोकं पदरानं झाकलं.

"लई रागावले होते," ती म्हणाली. "अजून थोडी हायच. पण आता तुमी पानी कुठं बी ओता, ते बराबरच पडंल. तुमचं एकट्याचं चुकू नये म्हनून अख्ख्या मंडळीला कामाला लागावं लागलं, एवढं ध्यानात ठेवा."